चिरंजीव पिकअप बदलतात

गिटारचे पिकअप बदलू नयेत असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवलेलं असतं तरी चिरंजीवांनी ते वाचलं नसतं. एकदा डोक्यात काही शिरलं की ते तडीला जाईपर्यंत घरादाराला चैन पडू द्यायची नाही, हा त्यांचा स्वभाव. आज विचाराल तर कपाळावर हात मारून म्हणतील, "कुठून मला दुर्बुद्धी सुचली!" पण आज विचारून काय उपयोग? ज्यांनी सांगायचं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणि तेव्हा चिरंजीव कोणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

चिरंजीव हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर होते, कानांवरचे केस पांढरे झाले होते, सही लफ्फेदार होती. पण त्यांचे वडील, नाना, एवढे नावाजलेले की मुलाला सगळी इमारत 'नानांचे चिरंजीव' म्हणूनच ओळखायची. पुढे कधीतरी 'नानांचे' गळून पडलं आणि नुसते चिरंजीव उरले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला वॉचमननेसुद्धा "चिरंजीव, लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा" म्हणावं, हे दुःख वरून दिसतं तेवढं लहान नाही.

नाना बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. उभी हयात त्यांनी काचेच्या खोलीत माईकसमोर काढली. आवाज खर्जातला, भरदार. फलाट क्रमांक तीनवर गाडी लागलेली आहे एवढंच ते सांगायचे, पण असं की ज्याला कुठेही जायचं नाही त्यालाही पिशवी उचलावीशी वाटे. गाडीला उशीर व्हायचा तो टायरमुळे किंवा ड्रायव्हरमुळे, आणि 'प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणायचे मात्र नाना. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने दिलगीर झालो," असं ते अभिमानाने सांगत. निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. ओठांपाशी कान नेल्याशिवाय शब्द लागायचा नाही. आणि ज्या घरात टीव्ही, मिक्सर आणि चिरंजीवांची गिटार एकाच वेळी चालू असतात, तिथे कान नेणार कोण? नाना पेल्यावर चमचा वाजवून माणसं बोलवायचे. मग हळूहळू तेही कमी झालं. बोलावून सांगण्याजोगं आपल्याकडे फारसं नसतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली असावी.

आता गिटार. ती सात तारांची होती. लोकांच्या गिटारला सहा तारा असतात आणि त्यात त्यांचं भागतं, पण दुकानदाराने "सहा काय, सगळ्यांकडेच असतात साहेब" असं म्हटल्यावर चिरंजीवांचा निरुपाय झाला. सातवी तार सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत खालच्या आवाजाची. ती वाजवण्याइतकी चिरंजीवांची प्रगती झालेली नव्हती. ते ती वळसा घालून टाळायचे, दारात बसलेल्या कुत्र्याला टाळावं तशी.

आणि पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची पट्टी, तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. गिटारच्या तारा थरथरल्या की पिकअप ते टिपतो आणि अ‍ॅम्प्लिफायर नावाच्या खोक्यातून शेजाऱ्यांपर्यंत पोचवतो. चिरंजीवांच्या गिटारमध्ये असे दोन होते. त्यांतली गुंडाळी धरून ठेवणारं मेण वाळून गेलं होतं आणि गुंडाळी सैल झाली होती, त्यामुळे तारांशी तोंड नेऊन कोणी बोललं तर ते बोलणंही टिपलं जायचं. जाणकार याला दोष म्हणतात.

हा दोष नानांनी शोधून काढला. एका सुटीच्या सकाळी चिरंजीव वाजवत बसलेले असताना दारावरची बेल वाजली. त्यांनी गिटार नानांच्या मांडीवर ठेवली आणि ते दाराकडे गेले. नाना वाकले, तारांखाली पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "धूळ बघ किती."

"धूळ बघ किती," खोका म्हणाला.

नानांच्या शब्दांबरोबर ती जाड सातवी तार आपोआप घुमली होती. त्यामुळे खोक्यातून आली ती कुजबुज नव्हती. तिला अंग होतं, खर्ज होता. स्वयंपाकघरात सूनबाईंच्या, म्हणजे चिरंजीवांच्या पत्नीच्या, हातातलं झाकण खाली पडलं. नानांनी तारांवर हात ठेवला. मग पुन्हा वाकले, आणि घशात काही नसलं तरी सवयीने घसा साफ करून म्हणाले, "कृपया लक्ष द्या."

तिथून पुढे त्या घराचा बसस्टँड झाला. स्वयंपाकघर फलाट क्रमांक एक, बाथरूम दोन, बाल्कनी तीन. "फलाट क्रमांक एकवर दूध उतू जाण्याच्या बेतात आहे." "फलाट क्रमांक दोनवर गेलेले प्रवासी अर्धा तास झाला तरी परतलेले नाहीत, इतर प्रवासी खोळंबले आहेत." शेवटची घोषणा चिरंजीवांना उद्देशून असायची, आणि ती खालच्या मजल्यावरही ऐकू जायची. सूनबाई आतूनच ओरडायच्या, "नाना, चहाची गाडी कधी सुटायची?" आणि नाना म्हणायचे, "चहाची गाडी सूनबाईंच्या मर्जीनुसार सुटेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." घर हसायचं. चिरंजीवही हसायचे, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

मग मोठे साहेब घरी आले.

साहेब निवृत्त होणार होते. निरोपसमारंभात कार्यालयातल्याच कलाकारांनी कार्यक्रम करावा असं ठरलं होतं, आणि त्यात चिरंजीवांची गिटार होती. तयारी कशी चालली आहे ते बघायला साहेब स्वतः चहाला आले. गिटार नेहमीप्रमाणे नानांच्या खुर्चीशेजारी, खोका चालू. नानांनी साहेबांना नीट न्याहाळलं, चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सूनबाईंना बोटाने जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानाशी, म्हणजे नेमकं गिटारवरून वाकून, विचारलं, "टोप आहे का गं यांचा?"

प्रश्न हॉलभर घुमला. साहेबांचा हात झटकन डोक्याकडे गेला, आणि तोपर्यंत ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली. साहेबांनी चहा अर्धा ठेवला. जाताना ते चिरंजीवांना म्हणाले, "यंत्र दुरुस्त करून घ्या तुमचं." चिरंजीवांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बास! पिकअप बदलायचे," दार लावता लावता त्यांनी जाहीर केलं.

"अहो, नानांचं काय?" सूनबाई म्हणाल्या.

"नानांचं काय म्हणजे? नाना कुठे वाजवतात?"

नाना तारांकडे वाकले. "आहेत ते चांगले आहेत," खोका म्हणाला.

चिरंजीवांनी ते ऐकलं. जुनी माणसं चपलेपासून चष्म्यापर्यंत सगळ्याबद्दल हेच म्हणतात, म्हणून त्यांनी ते काटकसरीच्या खात्यात टाकलं आणि विषय मिटवला. आता त्यांना ते वाक्य जेवताना आठवतं, कार्यालयात सह्या करताना आठवतं. इतकं स्वच्छ, इतकं मोठ्यांदा नाना त्यांच्याशी आता थोडेच दिवस बोलणार होते.

पिकअप निवडणं हे लग्न जमवण्याहून अवघड काम आहे. इंटरनेटवर प्रत्येक पिकअपचं वर्णन वाचून चिरंजीव हैराण झाले. एकाचा आवाज म्हणे लोण्यासारखा, दुसऱ्याचा काचेसारखा, तिसरा 'रागावलेला पण समंजस'. त्यांनी सूनबाईंना विचारलं, "ऊबदार घेऊ की धारदार?" सूनबाईंनी ब्लँकेट समजून ऊबदार म्हटलं, आणि आपल्या बायकोला संगीत कळतं असं चिरंजीवांना अनेक वर्षांनी पुन्हा वाटलं.

याच सुमारास त्यांनी एक चूक केली. लिफ्टमध्ये ते सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर फोनवर बोलले, "दोन पिकअप घेतोय. जुने काढून टाकणार."

सेक्रेटरी हा माणूस लिफ्टमध्ये ऐकलेलं इमारतीत पोचवण्यासाठीच जन्माला आला होता. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: 'सदनिकाधारकांनी आवारात मालवाहू वाहने उभी करू नयेत. विशेषतः दोन.' संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः हजर.

"चिरंजीव, नानांकडे बघून मी आजवर गप्प बसलो. पण दोन-दोन पिकअप? ठेवणार कुठे?"

"गिटारमध्ये," चिरंजीव म्हणाले.

सेक्रेटरींनी हे उत्तर उर्मटपणाचं समजून समितीपुढे ठेवलं. तोवर बातमी पसरली होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्या शेजाऱ्यांनी डिझेल घेऊ नका असं बजावलं. तळमजल्यावरच्या मावशींनी, घर बदलताना कपाट नेऊन द्याल ना, असं आगाऊ विचारून ठेवलं. चिरंजीव समितीपुढे गिटार घेऊन गेले, पिकअप म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं, हात लावून दाखवलं. समितीने शांतपणे ऐकलं आणि निर्णय दिला: वस्तू हातात मावते हे मान्य, तरी हमीपत्र द्यावं की ती भविष्यात वाहनासारखी वापरली जाणार नाही. चिरंजीवांनी हमीपत्र दिलं. लफ्फेदार सही केली. सरकारी नोकरीत त्यांनी लोकांकडून याहून विचित्र हमीपत्रं घेतलेली होती, त्यामुळे तक्रारीला तोंड नव्हतं.

पिकअप आले आणि ते सहा तारांचे निघाले. गिटारवर ठेवून पाहिले तर सातवी तार बाहेर, जागा न मिळालेल्या प्रवाशासारखी उभी. परत पाठवण्यासाठी चिरंजीवांनी कुरिअरला फोन लावला.

"पिकअप आहे की डिलिव्हरी?" पलीकडून विचारणा झाली.

"पिकअपचं पिकअप आहे."

"सर, पिकअप एकदाच बोलायचं. वस्तू काय आहे?"

"पिकअप."

"ते कळलं सर. आम्ही पिकअपला येऊ. पण पिकअपला काय आहे?"

चिरंजीवांचा पारा चढला. गाडी आली ती दोन दिवसांनी, आणि खरोखरच मोठी, मागे उघडी. 'पिकअप दोन' असं वाचून कुरिअरवाल्यांनी हमालही आणला होता. ती आवारात शिरताना सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. ते गाडीकडे नुसतं बघत राहिले.

या सगळ्या गदारोळात नाना रोज पुकारत होते. "कृपया लक्ष द्या. चिरंजीवांची गाडी रुळावरून घसरलेली आहे." बसस्टँडवरच्या माणसाने रूळ कशाला काढावेत, असं चिरंजीव चिडून म्हणायचे. घर मात्र हसायचं. शेवटी सात तारांचे पिकअप आले, आणि ते बसवायला चिरंजीव गिटार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुरुस्तीवाला मिक्सर, पंखे, गिटार, सगळ्यांवर एकच पाना चालवायचा आणि सगळ्यांबद्दल एकच वाक्य बोलायचा: "माझ्यावर सोडा." त्याच्यावर सोडलेल्या वस्तूंनी दुकान भरलेलं होतं. पण गिटार त्याने वेळेवर दिली. चिरंजीवांनी टेबलावर बोटं आपटून पाहिली, तारांपाशी खोकून पाहिलं. दुकानातला खोका निवांत होता. हूं नाही की चूं नाही. चिरंजीवांना इतका आनंद झाला की जुने पिकअप मागायचे त्यांना सुचलं नाही. गिटार घेऊन ते तिथूनच थेट समारंभाला गेले.

समारंभात भाषणं लांबली. हाराला उशीर झाला, हार आणणाऱ्याच्या स्वागताला आणखी एक भाषण झालं. चिरंजीव पडद्याआड गिटार गळ्यात अडकवून उभे होते. अखेर निवेदिका म्हणाली, "वेळेअभावी वाद्यसंगीताचा कार्यक्रम आपण मनातल्या मनात ऐकू या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब जाताना चिरंजीवांजवळ थांबले आणि त्यांनी विचारलं, "यंत्र झालं दुरुस्त?" चिरंजीव "हो" म्हणाले. त्या पिकअपांचं जगात एवढंच कौतुक झालं.

ते घरी आले तेव्हा नाना वाट बघत होते. गिटार घरात नसलेल्या त्या दिवसांत ते चमच्यावर आले होते. चिरंजीवांनी गिटार खुर्चीशेजारी ठेवली, खोका लावला आणि ते कपडे बदलायला आत गेले. परत आले तर नाना तारांवर वाकलेले. ओठ हलत होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, आवाजाचं बटण थोडं फिरवलं, घसा साफ केला, पुन्हा वाकले. मग बटण शेवटपर्यंत फिरवलं. खोका एकदम गप्प होता, चिरंजीवांना हवा होता तसा.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चिरंजीवांना वाटलं, त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

पायात चपला सरकवून ते तसेच दुरुस्तीवाल्याकडे धावले. तो शटर ओढतच होता.

"जुने पिकअप? हे काय, ठेवलेत की तुमच्यासाठी," तो म्हणाला. "आणि एक गंमत केलीय. कामच करायचं तर पुरतं करावं. गरम मेणात चांगले बुडवून काढले दोन्ही. मुरलं आत मेण. आता कानाशी बँड वाजवा, ऐकणार नाहीत ते. तुमच्याकडून काही घ्यायचं नाही, प्रेमाखातर!"

"मेण काढता येईल?"

"काढायला गेलात तर तारच तुटेल. पण काढायचं कशाला? बरे झाले ते!"

तरी चिरंजीवांनी ते परत बसवून घेतले. बरे झालेले पिकअप बरेच राहिले. मग त्यांनी दुकानांना फोन करायला सुरुवात केली: सात तारांचा, पण खराब पिकअप मिळेल का, ज्यात माणूस बोललेला ऐकू येतो असा? एका दुकानदाराने दुखावून सांगितलं, "साहेब, आमच्याकडे तसला एक दाखवा, दुकान बंद करतो." दुसऱ्याने विचारलं, घरी मोठं कोणी आहे का, असेल तर फोन द्या. चिरंजीवांनी फोन ठेवला. मोठं कोणी होतं, पण फोनवर त्यांचं ऐकू गेलं नसतं.

माईकही आणला. सूनबाईंनीच सुचवलं, आणि इतकं सोपं आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून चिरंजीव एक संध्याकाळ सुखात होते. नानांनी माईक हातात धरला. जन्मभर धरलेला, त्यामुळे धरला ऐटीत. एक वाक्य बोलले. खोक्यातून घासल्याचा आवाज आला, श्वास आला, लाळ गिळल्याचं ऐकू आलं, आणि त्यात कुठेतरी शब्द होते. नानांनी माईक बंद करून तो तिपाईवर ठेवला, चिरंजीवांना खुणेने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "यात माझा घसा ऐकू येतो रे. त्यात माझा आवाज यायचा."

त्यानंतर घरात शांतता झाली. दूध उतू गेलं तर जायचं. फलाट क्रमांक दोनवरच्या प्रवाशाला कोणी काही म्हणेना, आणि एकदा तासभर आत बसूनही चिरंजीव कोणी पुकारत नाही म्हणून कासावीस होऊन स्वतःच बाहेर आले. लिफ्टमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "नानांची तब्येत बरी आहे ना? हल्ली ऐकू येत नाहीत." चिरंजीव मधल्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने वर गेले.

नानांची क्षमा मागावी असं ते रोज ठरवत. पण वडिलांची क्षमा मागण्याची त्यांना सवय नव्हती. अर्ज, खुलासे, हमीपत्रं सगळं येत होतं, हेच येत नव्हतं. ते खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसायचे, "नाना..." म्हणायचे, आणि मग पाणी हवं का असं विचारायचे. नानांना इतकं पाणी पूर्वी कोणी विचारलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी ते असेच बसलेले असताना नानांनी त्यांना आणखी जवळ यायची खूण केली. चिरंजीवांनी कान त्यांच्या ओठांशी नेला. नानांनी काहीतरी सांगितलं आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं: पुकार.

"मी?"

नानांनी मान हलवली.

चिरंजीव ताठ बसले. "कृपया लक्ष द्या," ते म्हणाले. आवाज पातळ आणि चिरका. नानांनी डोळे मिटून घेतले, पण हाताने चालू ठेव म्हणाले. चिरंजीव एकेक तुकडा कानाने घेत होते आणि मोठ्यांदा बाहेर सोडत होते. "सात तारांची गाडी... काही तांत्रिक दुरुस्तीमुळे... कायमची रद्द झालेली आहे." स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सूनबाई ऐकत होत्या. "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल..."

इथे नाना थांबले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ते वाक्य चिरंजीव रांगत होते तेव्हापासून ऐकत आले होते.

"दिलगीर आहोत," ते म्हणाले.

नानांनी मान हलवली. ही 'नाही'ची होती. त्यांनी मुलाचा कान धरून, लहानपणी धरायचे तसा धरून, ओठांशी ओढला.

"आहोत नाही," नाना म्हणाले. "ते स्टँडवर. आहे म्हण."

चिरंजीवांनी म्हटलं. स्वयंपाकघरापर्यंत ते गेलं नाही, सूनबाईंनी आतून विचारलं, "काय म्हणालात?" नानांना मात्र ऐकू गेलं होतं.